अंधारातलं लाल

भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी आहे, पण असून नसल्यासारखी. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर पाणी दिवसभरात वीतभर वर-खाली झालं तर झालं. जिब्राल्टरची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद आहे तिथे जेमतेम 14 किलोमीटर. एवढ्याशा फटीतून अटलांटिकची भरती आत येऊन येऊन येणार किती? माझं आजोळ मालवणजवळचं. तिथे सुकती कधी आहे हे विचारल्याशिवाय कालवं काढायला कोणी निघत नाही, आणि होडी कुठवर ओढून ठेवायची हेही पाणीच ठरवतं. त्यामुळे कामोली गावात पाच-सहा मजली घरं अगदी पाण्याच्या कडेला उभी पाहिली तेव्हा कौतुकाच्या आधी माझ्या पोटात गोळा आला. घरं कसली सुंदर! गेरू, पिवळा, फिकट गुलाबी असे रंग, आणि त्यातल्या कित्येक खिडक्या खोट्या. भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या, सावलीसकट. दुपारी उन्हाची तिरीप फिरली की खऱ्या खिडकीची सावली सरकते आणि रंगवलेलीची तिथेच राहते, तेव्हा कुठे चोरी पकडली जाते.

मी तुरीनला राहते. सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी पकडली की जेनोआवरून इथे पोचता येतं, आणि पोचते ती बहुतेक वेळा पाण्याखाली जायला. कामोलीच्या पूर्वेला पोर्तोफिनोचा डोंगर थेट समुद्रात घुसलाय, 600 मीटरच्या वर उंचीचा. त्याच्या पलीकडे सांता मार्गेरिता, आणि टोकाशी ते जगप्रसिद्ध पोर्तोफिनो. पोर्तोफिनो हे गाव मला फारसं आवडत नाही, हे सांगून टाकते. धक्क्याला लागलेल्या श्रीमंतांच्या नौका बघायच्या, त्या बघणारी माणसं बघायची आणि महागडी कॉफी प्यायची, एवढ्यात ते संपतं. पण त्याच डोंगराच्या मधल्या खोबणीत सान फ्रुत्तुओसो आहे. जुना बेनेडिक्टाइन मठ, जेनोआच्या दोरिया घराण्याच्या समाध्या, आणि मूठभर गोट्यांची पुळण. तिथे आजही गाडीरस्ता जात नाही. डोंगर चढून-उतरून जा, नाहीतर बोटीने.

या डोंगराचा खडक जवळून बघण्यासारखा आहे. नदीतले गोटे कोणीतरी चुन्यात कालवून थापावेत तसा दिसतो. पाण्याच्या वर जसा सरळसोट, तसाच पाण्याखालीही. किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की तळ सुटतोच. भिंतीला कपारी, छपरं, बोगदे. वरून पाइनच्या झाडांनी झाकलेला जो देखावा पर्यटक टिपत असतात, त्याची खालची निम्मी बाजू पाण्यात आहे आणि तिकडे कॅमेरा वळवणारे त्या मानाने थोडे.

स्कूबा म्हणून आज आपण जे ओळखतो त्याचा जन्मही याच किनारपट्टीवर, थोडं पश्चिमेला फ्रान्समध्ये झाला. 1943 साल. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, पेट्रोल मिळत नाही, म्हणून लोक मोटारी गॅसवर चालवत होते. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप एमिल गान्यां नावाच्या इंजिनिअरने बनवली होती. झाक-ईव्ह कुस्तो या नौदल अधिकाऱ्याने त्याला गाठलं. मोटारीच्या जागी माणूस, आणि गॅसच्या जागी दाबलेली हवा. श्वास ओढला तर हवा सुटेल, नाहीतर बंद. त्या वर्षीच्या जूनमध्ये बांदोल गावाजवळच्या समुद्रात कुस्तोने ते पाठीला बांधून बुडी मारली. मी पाण्यात उतरताना तोंडात जो रेग्युलेटर धरते त्याची मूळ युक्ती हीच आहे. युद्धातल्या टंचाईने दिलेल्या गोष्टींत इतकी निरुपद्रवी गोष्ट दुसरी मला आठवत नाही. निरुपद्रवी म्हणजे माणसांसाठी. पुढे येतेच त्यावर.

तयारीचं फार सांगत नाही. सात मिलिमीटर जाडीचा रबरी सूट अंगात चढवणं हा सप्टेंबरच्या उन्हात रबरी बोटीवर करायचा सर्वांत हास्यास्पद व्यायाम आहे. तारकर्लीला पातळ सूटवर भागतं, इथे नाही. इतकं जाड रबर अंगावर असलं की माणूस बुचासारखा तरंगतो, आणि हे पाणी अरबी समुद्रापेक्षाही खारट, म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधून घ्यायची. मग जोडीदाराची हवा बघायची, आपली दाखवायची, आणि पाठमोरं पाण्यात पडायचं.

पहिली गोष्ट जाणवते ती निळाई. मालवणात पाणी स्वच्छ असलं तरी त्यात हिरवट झाक असते, कारण त्यात खाणं भरलेलं असतं. नद्यांचा गाळ, प्लवक, माशांची अंडी. भूमध्य समुद्र त्या मानाने उपाशी आहे. पाण्यात पोषण कमी, म्हणून तरंगणारं जीवन कमी, म्हणून नजर लांब जाते. प्रवासाच्या जाहिरातींत दिसणारा तो निळा रंग खरं तर गरिबीचा आहे. हे कळल्यापासून मला तो आणखी आवडायला लागला.

उथळ पाण्यात आधी गवत लागतं. पोसिडोनिया. याला शेवाळ म्हणायचं नाही, आमची गाईड त्यावर चिडते. मुळं, पानं, फुलं, फळं असलेली ती खरीखुरी वनस्पती आहे आणि तिची ही जात भूमध्य समुद्राबाहेर जगात कुठेही उगवत नाही. पट्टीसारखी लांब पानं लाटेबरोबर एका बाजूला झुकतात, पुन्हा दुसऱ्या बाजूला. बोटीचा नांगर यात पडला की जो चट्टा पडतो तो भरून यायला पिढ्या लागतात, कारण हे गवत वर्षाला काही सेंटिमीटरच पसरतं. गाईड साठीची आहे, पाण्यावर बसून सारखी बोलणारी आणि पाण्याखाली एकदम अदबशीर. नांगराचा असा एक चट्टा तिने दाखवला तेव्हा हातांनी काही खूण केली नाही. नुसती त्याच्यावर थांबली.

सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत साधारण 17 मीटरवर ख्रिस्ताचा ब्राँझचा पुतळा आहे. दोन्ही हात वर केलेला, माणसापेक्षा बराच उंच. इटलीतल्या अगदी सुरुवातीच्या पाणबुड्यांपैकी दारिओ गोंझात्ती 1947 मध्ये याच पाण्यात बुडी मारताना मरण पावला. त्याचा मित्र दुइलिओ मार्कान्ते याच्या मनात आलं की इथे, तळावरच, काहीतरी उभं करायचं. गुइदो गाल्लेत्ती या शिल्पकाराने पुतळा घडवला. त्यासाठी लोकांनी ब्राँझ दिलं: युद्धातली पदकं, घंटा, जहाजांचे भाग. ऑगस्ट 1954 मध्ये तो खाली उतरवला गेला. 2003 मध्ये एका नांगरात अडकून त्याचा एक हात निखळला, तेव्हा वर काढून, दुरुस्त करून पुढच्या वर्षी परत ठेवला. जुलैच्या शेवटी रात्री पाणबुडे त्याच्या पायाशी हार घेऊन जातात.

मी श्रद्धाळू नाही, आणि पुतळ्यांसमोर मला सहसा संकोच होतो. या पुतळ्याजवळ मला बघायला आवडतात ती त्याच्यावर राहणारी मंडळी. खांद्यावर शेवाळाची मखमल, झग्याच्या चुण्यांत छोटे मासे, बोटांच्या बेचक्यात कसलीशी गोगलगाय. अधूनमधून माणसं जाऊन हे सगळं खरवडून त्याला स्वच्छ करतात आणि समुद्र लगेच पुन्हा कामाला लागतो. गोंझात्तीच्या नावाचा एक बुडालेला खडकही याच डोंगराजवळ आहे. पुतळ्यापेक्षा ते स्मारक मला बरं वाटतं.

पण या किनाऱ्यावर मला पुन्हा पुन्हा यायला लावणाऱ्या जागा दोन आहेत. एक इसुएला. पाण्याबाहेर तिचं काही दिसत नाही. माथा 14-15 मीटरवर, तिथून सगळीकडे उतार. इथे हेकरू राहतात. आपल्याकडच्या हेकरूचाच हा भूमध्य समुद्रातला भाऊबंद, तपकिरी अंगावर फिकट डाग, जाड ओठ, आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी रांगेत पुढे घुसल्याचा भाव. काही तर माझ्याएवढे लांब. हा मासा जन्मतो मादी म्हणून आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणजे बाणाने किंवा गळाने सर्वांत मोठे मासे वेचून मारले की नरच संपतात, आणि मागे उरलेल्या माद्यांचा उपयोग काय? गाईड सांगते, ती नवी असताना इथे हेकरू दिसला तर शेपटीच दिसायची. माणसाची चाहूल लागली की कपारीत. आता ते जागचे हलत नाहीत. एकदा एक माझ्या इतक्या जवळ आला की त्याचा डोळा माझ्या बुडबुड्यांबरोबर वर जाताना मला दिसला, मग परत माझ्यावर. मलाच नजर वळवावीशी वाटली.

दुसरी जागा म्हणजे भिंत. कुठलीही एक नाही. इथल्या कितीतरी डाइव्हमध्ये ती भेटते. वीसेक मीटर खाली गेलं की पाण्याचा एक थर लागतो, चुलीवरच्या हवेसारखा थरथरता, आणि त्याच्या खाली एकदम गारठा. वर 23-24 अंश, खाली 16-17. कानामागून पाणी आत शिरतं तेव्हा शिव्या सुचतात, पण तोंडात रेग्युलेटर असतो. आणि खाली रंग नाहीत. पाणी सर्वांत आधी लाल रंग गिळतं. दहा मीटरच्या पुढे लाल करडा दिसतो, तीस मीटरवर काळपट. बोट कापलं तर रक्त हिरवट दिसावं असा तो उजेड. भिंतीवर दोन-दोन हात लांबीचे पंखे उभे असतात, फांद्याफांद्यांचे, प्रवाहाला आडवे. गॉर्गोनिया म्हणतात त्यांना. तेही प्राणीच, वसाहत करून राहणारे. निळसर काळे, मख्ख.

मग टॉर्च लावायचा.

भिंत पेटते. दुसरा शब्द नाही. किरमिजी, जांभळट लाल, टोकांना पिवळे. मधल्या फटींत नारिंगी, गुलाबी अँथियास माशांचे थवे, आणि स्पंजांचे पिवळे-केशरी गोळे. टॉर्च बाजूला घेतला की सगळं पुन्हा काळपट. म्हणजे हा रंग इथे कोणासाठीच नाही. इथे राहणाऱ्या जिवांपर्यंत तो पोचेल एवढा उजेडच नाही. पहिल्या वेळी मला हे इतकं विचित्र वाटलं की मी टॉर्च लावून-विझवून, लावून-विझवून भिंतीसमोर लटकत राहिले, आणि जोडीदाराला वाटलं मी मदतीची खूण करतेय.

पोवळं मात्र त्या पंख्यांवर शोधून मिळत नाही. ते आणखी अंधार मागतं. छपरासारखा पुढे आलेला खडक असतो, त्याच्या खाली पोट वर करून शिरायचं, फिन्सने गाळ उडणार नाही इतकं हळू. मग छताला टॉर्च. हाताच्या पंजापेक्षाही लहान, उलटी लटकणारी झुडपं, लालभडक, आणि त्यांच्यावर पांढरी फुलं. प्रत्येक फुलाला आठ पाकळ्या, पाकळ्यांना पिसासारखी किनार. बुडबुड्याचा धक्का लागला तर फुलं क्षणात आत, आणि उरते नुसती खरबरीत लाल फांदी. तीच ती. घासून, पॉलिश करून, अंगठीत बसवली की मंगळाचं पोवळं.

माझ्या मावशीच्या उजव्या हातात असं एक पोवळं आहे. पत्रिकेत मंगळ म्हणून लग्नाआधी कोणीतरी घालायला लावलं, लग्न झालं, संसार झाला, अंगठी राहिली. आजीच्या मंगळसूत्रातही काळ्या मण्यांत दोन पोवळी ओवलेली होती. लहानपणी तोंड आलं की वैद्यांकडून प्रवाळाची पुडी यायची, मधातून चाटायची. एवढं सगळं आमच्या घरात होतं आणि समुद्र दाराशी होता, म्हणून मी धरूनच चालले होते की पोवळं आमच्याच समुद्रात होत असणार. नाही. दागिन्यातलं हे लाल पोवळं परंपरेने आलं ते याच समुद्रातून, भूमध्यातून, अशाच काळोख्या छतांवरून.

आणि किती जुनं हे येणं! इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की आपल्याकडच्या बायकांना हिंदुस्थानी मोत्यांचं जेवढं अप्रूप, तेवढंच हिंदुस्थानातल्या पुरुषांना पोवळ्यांचं. उत्तम पोवळी कुठली, तर गॉलच्या आखातातली, म्हणजे इथून पश्चिमेला, आजच्या फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या बेटांची. त्याची तक्रार अशी की पूर्वी गॉल लोक तलवारी आणि शिरस्त्राणं पोवळ्यांनी सजवत, आता परदेशात इतका भाव मिळतो की जिथे ते होतं तिथेच दिसेनासं झालंय. त्याच सुमाराच्या एका ग्रीक खलाशाच्या टिपणांत, पेरिप्लसमध्ये, भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात तांबं, कथील, शिसं यांच्या पुढे पोवळं आहे. त्याच टिपणांत सोपारा आणि कल्याणची नावं येतात. म्हणजे आपल्या हौसेने हा किनारा दोन हजार वर्षांपूर्वीच एकदा ओरबाडून घेतला होता.

पुढे 18व्या शतकात इथून दक्षिणेला लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी पोवळी लिस्बनमार्गे गोव्याला पाठवायचे, आणि गोव्यातले हिंदू व्यापारी त्या बदल्यात हिरे. पत्रव्यवहार पोर्तुगीज भाषेत. माल निघाल्यापासून मोबदला हाती पडेपर्यंत वर्षं जायची. धर्म वेगळा, कायदा वेगळा, एकमेकांचं तोंड कधी पाहिलेलं नाही, आणि तरी हा व्यवहार दशकानुदशकं चालला. मला या गोष्टीचं फार आकर्षण आहे. कपारीत उलटं लटकताना मी कधीकधी त्या गोव्याच्या पेढीवरच्या माणसाचा विचार करते. त्याने दाणे नखाने तपासले असतील, रंग पाहिला असेल, इथलं पाणी किती गार आहे हे मात्र त्याला कोण सांगणार?

अर्थात पोवळं काढणाऱ्यांनाही ते काय आहे हे ठाऊक नव्हतं. जुनी समजूत अशी की पाण्यात ती मऊ वनस्पती असते आणि हवा लागली की दगड होते. 1706 च्या सुमारास लुइजी मार्सिली या बोलोन्याच्या सरदाराने मार्सेयजवळ ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यातच ठेवून पाहिलं, तर त्यावर पांढरी फुलं उमलली. झालं, वनस्पती असल्याचा पुरावा मिळाला! वीसेक वर्षांनी मार्सेयचाच एक डॉक्टर, पेसोनेल, म्हणाला की ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत, चिमटा घेतला तर आकसतात. रेओम्यूर हे त्या वेळचं फ्रान्समधलं मोठं नाव. त्यांनी ही कल्पना अकादमीपुढे मांडली ती पेसोनेलचं नाव न घेता, त्याचं हसू होऊ नये म्हणून. पेसोनेल पुढे वैद्यकी करायला कॅरिबियन बेटांवर गेला. बरोबर तोच होता.

पोवळं काढायचं कसं, तर दोन लाकडी तुळया फुलीसारख्या बांधायच्या, मधोमध जड दगड, टोकांना जाळ्यांच्या शेपट्या. होडीतून हे खाली सोडून खडकांवरून फरफटत न्यायचं. फांद्या मोडतील, त्यातल्या काही जाळ्यात अडकतील, बाकीच्या तळाला. सांता मार्गेरिताच्या होड्या यासाठी सार्डिनियापर्यंत जायच्या. युरोपीय संघाने ही फुली 1994 मध्ये बंद केली. पण ती फुली छताखाली शिरू शकत नसे. कपारीतलं पोवळं तिच्यापासून सुरक्षित होतं. ते संपवलं कोणी? आम्ही. म्हणजे पाठीला हवा बांधून जाणाऱ्यांनी. 1950 नंतर पाणबुडे हातोडी घेऊन गुहांमध्ये शिरले आणि उथळ पाण्यातलं पोवळं काही दशकांत जवळपास साफ झालं. कुस्तोच्या झडपेचं मी मघाशी कौतुक केलं ते अर्धवट सोडलं होतं ते यासाठी. पोवळ्याची फांदी जाडीला वर्षाकाठी एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाही; त्याचा तिसरा-चौथा हिस्सा धरा. मावशीच्या अंगठीतला खडा म्हणजे एखाद्या कपारीतली तीस-चाळीस वर्षं.

1999 मध्ये पोर्तोफिनोच्या डोंगराभोवतीचं पाणी संरक्षित झालं. काला देल्लोरो नावाच्या एका खाडीत तर कोणालाच प्रवेश नाही, पोहायलासुद्धा. बाकीच्या भागात बोटी ठरलेल्या बोयांनाच बांधायच्या, डाइव्ह परवानगीने, आणि मासेमारी फक्त स्थानिकांनी, ठरलेल्या साधनांनी. मला यातला शेवटचा भाग महत्त्वाचा वाटतो. मालवणचं सागरी अभयारण्य याच्या आधीचं, 1987 चं. पण तिथे मच्छीमारांना पहिल्या दिवसापासून वाटत राहिलं की हे आपल्याला हुसकवायला आलंय, आणि माझे मामा आजही त्या विषयावर जेवणाच्या पानावरून उठतात. कागदावरचे नियम दोन्हीकडे आहेत. इथे त्या नियमांच्या आत कामोलीच्या कोळ्यांना जागा दिसते.

आणि त्यांचं जाळं बघून मी अक्षरशः थबकले होते. पुंता क्याप्पाजवळ वसंतापासून शरदापर्यंत एक मोठं, एका जागी उभं राहणारं जाळं लावलेलं असतं. तोन्नारेल्ला. शेकडो वर्षांची पद्धत. मासा चालत येतो, वाट चुकतो, शेवटच्या खोलीत सापडतो, आणि होडीतली माणसं हातांनी जाळं वर घेतात. ते जाळं काथ्याचं आहे. नारळाच्या काथ्याचं, दरवर्षी नव्याने विणलेलं. ज्या देशात नारळ उगवत नाही त्या देशातले म्हातारे धक्क्यावर बसून सुंभ वळत होते आणि वास थेट देवबागच्या मांगराचा. हंगाम संपला की खालचा काथ्या कापून समुद्रातच सोडतात, तो कुजून जातो. जाळ्यात कधी सूर्यमासे येतात, मोठे, चपटे, शेपूटच विसरल्यासारखे. त्यांना उचलून बाहेर सोडून देतात.

संरक्षणाने हेकरू परत आले. पाण्याची ऊब मात्र कुठल्या बोयाला बांधून ठेवता येत नाही. नेमक्या त्या 1999 च्या उन्हाळ्याअखेर लिगुरिया आणि प्रोव्हान्सच्या किनाऱ्यावर गरम पाण्याचा थर कितीतरी खोल उतरला आणि आठवडे हलला नाही. गॉर्गोनियांच्या बागाच्या बागा मेल्या. 2003 मध्ये पुन्हा. मेलेला पंखा पडत नाही. काळा सांगाडा उभा राहतो आणि त्याच्यावर दुसरंच काहीतरी वाढतं. उथळ भागात असे पंखे अजून दिसतात, खालून जिवंत, वरून काळे. गाईड त्यांना हात न लावता, बोटाने हवेतच रेघ मारून दाखवते, मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं. गेली काही वर्षं ती रेघ खाली सरकतेय असं ती म्हणते. मी तिच्याइतकी वर्षं इथे नाही, पण तिच्या बोटावर माझा विश्वास आहे.

डाइव्ह संपली की पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, रक्तातला नायट्रोजन सुटायला. मग वर, सूट सोलायचा, आणि धक्क्यावर फोकाचा. चीज भरलेला, तेलकट, गरम. पाण्याखालून आल्यावर लागते तशी भूक जगात दुसरी नाही. गेल्या वेळी तो हातात धरूनच मी मावशीला व्हिडिओ कॉल लावला. सगळं सांगितलं. उलटी लटकणारी झुडपं, आठ पाकळ्यांची फुलं, प्लिनी, गोव्याचे व्यापारी, तिच्या अंगठीतली तीस-चाळीस वर्षं. ती शांतपणे ऐकत होती. मध्ये एकदा अंगठी बोटात फिरवून पाहिली.

"मगे थंय पोवळां स्वस्त गावता काय गो?"

म्हटलं, नाही गं मावशी, दुकानात आहे, पण सोन्याच्या भावात, आणि निम्मं तर दुसरंच कसलंतरी प्रवाळ रंगवून विकतात.

"रंगवलेला? आणि लोक घेतत?" ती म्हणाली, आणि हाक मारून मामाला फोनवर बोलावलं, हे त्यालाही ऐकव म्हणून.